पालक उदासीन नाहीत, त्यांना हिशेबापासून दूर ठेवले आहे

जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट घसरला, चौथीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता आला नाही, दहावीच्या आतच मुलीची शाळा सुटली, की आपल्याकडे एक ठरलेले उत्तर तयार असते. पालक उदासीन आहेत. हे उत्तर स्टाफरूममध्ये ऐकू येते, शिक्षण खात्याच्या कार्यशाळांत ऐकू येते, वर्तमानपत्रांत छापून येते. दुःखाची गोष्ट ही की आपल्यातून शिकून शहरात स्थिरावलेला, इंग्रजी शाळेची फी भरणारा वर्गही आता हेच बोलू लागला आहे. "आपल्या लोकांनाच शिक्षणाचं महत्त्व नाही."

माझे म्हणणे स्पष्ट आहे. हा आरोप खोटा आहे, आणि तो सोयीचा आहे. एकदा पालक दोषी ठरले, की शाळेसाठी आलेला पैसा किती होता, कधी आला, कुठे गेला, हे प्रश्न कोणी विचारत नाही. सरकारला पालकांचा सहभाग हवा असतो तो स्नेहसंमेलनाला, झेंडावंदनाला आणि शाळा रंगवायच्या श्रमदानाला. हिशेबाच्या वहीजवळ पालक आलेले कोणालाच नको असतात. सहभागाचा खरा अर्थ त्या वहीजवळ आहे.

उदासीन कोण होते?

इतिहासच पाहू. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने तो नाकारला. एका मुलासाठी बाकीच्या सवर्ण मुलांना दुखवायचे नाही, असा तो हिशेब होता. पुढे वरून कानउघाडणी झाल्यावर मुंबई सरकारने १८५८ मध्ये जाहीर केले, की ज्या शाळांचा संपूर्ण खर्च सरकार करते त्या सर्वांना खुल्या असतील. ज्या शाळांच्या खर्चात स्थानिक प्रतिष्ठितांचा वाटा होता आणि त्यांचा विरोध होता, तिथे मात्र आपली मुले घुसवण्याचा सरकारचा विचार नव्हता. नीट वाचा. शाळेचे दार कोणासाठी उघडायचे हे पैसा कोणाचा आहे यावर ठरत होते. शिकण्याची इच्छा आपल्याकडे तेव्हाही होती, तिजोरीची चावी नव्हती.

१८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे हाच मुद्दा मांडला. महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या जातींच्या पोरांवर होतो, हे त्यांनी सरकारला तोंडावर सांगितले. १२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्या अवघ्या आठ दिवस आधी, बाबासाहेब मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. माणशी शिक्षणावर किती खर्च होतो आणि त्याच माणसाकडून दारूवरील करातून किती वसूल होते, याची त्यांनी तुलना केली. आपल्या दोन्ही महापुरुषांनी शिक्षणाचा प्रश्न मांडताना पालकांना उपदेश करण्याआधी सरकारकडे हिशेब मागितला. चळवळीची ही परंपरा आपण विसरलो आणि "पालक जागृती मेळावे" घेत बसलो.

अमेरिकेतल्या काळ्या पालकांनी काय केले

बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जो प्रबंध लिहिला, जो १९२५ मध्ये पुस्तकरूपाने आला, त्याचा विषयच केंद्र आणि प्रांत यांच्यातला पैशाचा संबंध हा होता. त्याच अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले होते, आणि १९७२ च्या दलित पँथरचे नाव कुठून आले हे वेगळे सांगायला नको. म्हणून केंद्राचा पैसा आणि गरीब पालक हा प्रश्न तिथे कसा लढला गेला, हे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असले पाहिजे.

अमेरिकेत शाळांचा बहुतेक खर्च राज्ये आणि स्थानिक संस्था करतात. स्थानिक वाटा मुख्यतः घरपट्टीसारख्या मालमत्ता करातून येतो. म्हणजे ज्या वस्तीतली घरे महाग, तिथली शाळा श्रीमंत. काळ्यांना कायद्याने आणि बँकांच्या संगनमताने ठराविक वस्त्यांत कोंडलेले, त्यामुळे त्यांच्या शाळाही गरीब. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सांगितले, की वर्णभेद करणाऱ्या संस्थेला केंद्राचा पैसा मिळणार नाही. ११ एप्रिल १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाचा कायदा मंजूर केला. त्याच्या पहिल्या भागाला तिथे 'टायटल वन' म्हणतात. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी वर्षाला सुमारे १ अब्ज डॉलर केंद्राने द्यायचे ठरले. नागरी हक्क चळवळीच्या रेट्यातून हा पैसा निघाला होता.

पुढे काय झाले? १९६९ मध्ये रूबी मार्टिन आणि फिलिस मॅक्क्लुअर या दोन महिलांनी काळ्यांच्या हक्कांसाठी कोर्टात लढणाऱ्या संघटनेच्या मदतीने त्या पैशाचा माग काढला. गरीब मुलांच्या नावाचा पैसा जिल्ह्यांनी सरसकट सगळ्या शाळांच्या खर्चात मिसळून टाकला होता. काही ठिकाणी तो पोहण्याच्या तलावांवर गेला. दक्षिणेत काही जिल्ह्यांनी तो काळ्यांच्या वेगळ्या शाळांवर अशा रीतीने खर्च केला, की काळी मुले गोऱ्यांच्या शाळेकडे वळूच नयेत. वर्णभेद मोडायला आलेला पैसा वर्णभेद टिकवायला वापरला गेला. आणि ज्यांच्या मुलांच्या नावाने तो आला, त्या आईबापांना याचा पत्ताही नव्हता.

याच काळात तिकडे समाजशास्त्र काय सांगत होते? १९६५ चा मॉयनिहान अहवाल काळ्यांच्या कुटुंबरचनेतच दोष शोधत होता. १९६६ चा कोलमन अहवाल आला, आणि मुलाच्या यशात शाळेपेक्षा घरची पार्श्वभूमी मोठी ठरते, हा त्याचा निष्कर्ष उचलून अनेकांनी शाळांवर खर्च करून उपयोग नाही असा अर्थ काढला. एम.ए.ला हे सगळे आम्ही 'सिद्धांत' म्हणून शिकलो. वस्तीत काम करायला लागल्यावर कळले, की "पालक उदासीन" हे त्याच सिद्धांताचे मराठी भाषांतर आहे.

काळ्या आयांनी मात्र सिद्धांताची वाट पाहिली नाही. त्या संघटित झाल्या. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ओशन हिल-ब्राउन्सव्हिल या भागात शाळांच्या कारभारासाठी वस्तीचे निवडून आलेले मंडळ स्थापन झाले. १९६८ मध्ये या मंडळाने काही शिक्षकांना हटवायचा निर्णय घेतला आणि शिक्षक संघटनेने शहरभर संप पुकारला. कामगारांची संघटना आणि गरीब पालक आमनेसामने आले आणि शेवटी वस्तीच्या हातचा कारभार काढून घेतला गेला. यातून आपण शिकायचे ते हे, की पालक आणि शिक्षक भांडले तर चावी पुन्हा वरच जाते.

तरीही देशभरच्या दबावामुळे १९७० च्या दशकात टायटल वनच्या प्रत्येक जिल्ह्यात आणि शाळेत पालकांची सल्लागार मंडळे कायद्याने बंधनकारक झाली. १९७८ च्या दुरुस्तीने ती आणखी भक्कम झाली. आणि १९८१ मध्ये, रेगन सत्तेवर येताच, ही सक्ती काढून टाकली गेली. कारण सांगितले गेले की नियमांचा जाच कमी करायचा आहे. हा जाच नेमका कोणाला होत होता, ते तुम्हीच ओळखा.

पुढे १९९४ मध्ये पालकांच्या सहभागासाठी निधीचा ठराविक वाटा राखून ठेवण्याची तरतूद आली. आजच्या २०१५ च्या कायद्यानुसार वर्षाला ५ लाख डॉलरपेक्षा जास्त टायटल वन निधी मिळणाऱ्या जिल्ह्याने किमान १ टक्का रक्कम पालक आणि कुटुंबांच्या सहभागासाठी वेगळी काढायची, त्यातली किमान ९० टक्के शाळांपर्यंत पोहोचवायची, आणि ती कशी खर्चायची या निर्णयात पालकांना घ्यायचे. ही मोठी सत्ता नव्हे. पण सहभागाला पैसा लागतो एवढे तरी त्या कायद्याने मान्य केले. आणि आज तेही डळमळीत झाले आहे. २० मार्च २०२५ रोजी ट्रम्प यांनी केंद्रीय शिक्षण खातेच गुंडाळण्याच्या आदेशावर सही केली. "शिक्षण राज्यांकडे परत" अशी ती घोषणा आहे. "राज्यांचे हक्क" ही तिथल्या दक्षिणेत वर्णभेदवाल्यांचीच जुनी आरोळी होती.

आपल्याकडचा कायदा कोणी वाचला आहे?

आता आपल्या घरी या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २१ प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असायला हवे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असले पाहिजेत. निम्म्या महिला असल्या पाहिजेत. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. समितीची कामे तीन: शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणे, आणि मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर देखरेख. कलम २२ तर सांगते, की सरकारने द्यायच्या अनुदानाला हाच आराखडा आधार असेल. म्हणजे कागदावर दिल्लीचा पैसा वस्तीतल्या आईच्या म्हणण्यापासून सुरू व्हायला हवा.

अमेरिकेतल्या काळ्या पालकांना जे लढून काही वर्षे मिळाले आणि गेले, त्याहून जास्त आपल्याला कायद्याने आजही आहे. आपण त्याचे काय केले?

समिती कशी बनते ते आपण सगळे जाणतो. मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. पालक सभा कोरम भरण्यापुरती होते. गावातल्या सत्ताधारी गटाचा माणूस "बिनविरोध" अध्यक्ष होतो. बौद्ध वस्तीतली एखादी ताई आरक्षणाच्या रकान्यात भरली जाते आणि ठरावाच्या वहीवर सही घ्यायला वही तिच्या घरी जाते. ज्या भागात मी काम करते, तिथल्या एका ताईंना दोन वर्षे आपण समितीत आहोत हेच माहीत नव्हते. माहीत झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मग संडासाला पाणी का नाही, हे मी विचारू शकते का?" ही बाई उदासीन आहे?

सभा सकाळी अकराला असते. त्या वेळी ती आई सोयाबीनच्या शेतात असते किंवा कोणाच्या घरी धुणीभांडी करत असते. सभेला यायचे तर दिवसाची मजुरी बुडते. तिची मजुरी भरून देण्याची कुठे सोय नाही आणि सभा संध्याकाळी घेण्याची कोणाची तयारी नाही. मग अनुपस्थितीच्या रकान्यात तिचे नाव लिहायचे आणि म्हणायचे, पालक येत नाहीत!

शिक्षकांवर सगळे ढकलून आपण मोकळे होऊ नये. आपली कितीतरी मुले आज त्याच जिल्हा परिषद शाळांत शिक्षक आहेत. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यांत त्यांचा जीव जातो. समग्र शिक्षा योजनेत शाळेला मिळणारे संयुक्त अनुदान पटावर ठरते: ३० पर्यंत मुले असतील तर वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख. ८० मुलांच्या शाळेला २५ हजार म्हणजे एका मुलामागे महिन्याला २६ रुपये. यातून वीजबिल, खडू, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती. हा पैसाही वेळेवर येत नाही, तेव्हा गुरुजी किंवा बाई पदरचे पैसे घालतात. हिशेब उघडा झाला तर प्रामाणिक शिक्षकाचे काहीच बिघडत नाही. उलट २६ रुपयांत शाळा चालवायला कोणी सांगितले, हा प्रश्न पालक आणि शिक्षक दोघे मिळून विचारू शकतात. ब्रुकलिनची चूक आपल्याला टाळायची आहे.

आणखी एक फट लक्षात ठेवा. २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित खासगी शाळांतली समिती फक्त सल्लागार करून टाकली. शिक्षकांचे पगार सरकार देते, संस्था मात्र संस्थाचालकांची, आणि पालकांनी सल्ला द्यायचा. महाराष्ट्रात शिक्षणसम्राट कोण आहेत आणि ते कोणत्या पक्षांत आहेत, हे सांगण्याची गरज नाही.

दिल्लीच्या अटी

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले. समग्र शिक्षेत बहुतेक राज्यांसाठी केंद्र ६० आणि राज्य ४० अशी वाटणी आहे, आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राने त्यासाठी ४१,२५० कोटी ठेवले. हा पैसा कोणाच्या मेहरबानीचा नाही. पण तमिळनाडूने पीएम श्री योजनेच्या करारावर सही केली नाही, म्हणून २०२४-२५ चा सुमारे २,१५२ कोटींचा समग्र शिक्षेचा हिस्सा केंद्राने अडवला. राज्याला मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. पीएम श्री म्हणजे देशभरातल्या साडेचौदा हजार निवडक शाळा. सरकारी शाळा आहेत १० लाखांच्या आसपास. शंभरातल्या दीड शाळेच्या पाटीसाठी उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णव शाळांतल्या मुलांचा पैसा रोखायचा, हा कुठला न्याय?

अमेरिकेत १९६४ नंतर केंद्राने पैशाचा धाक घातला तो वर्णभेद करणाऱ्यांना. आपल्याकडे धाक घातला गेला तो धोरण न मानणाऱ्या राज्याला. पोषण आहाराच्या पंगतीत आपल्या मुलांना वेगळे बसवले किंवा संडास फक्त आपल्याच मुलांकडून साफ करून घेतले म्हणून एखाद्या जिल्ह्याचा निधी रोखल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे का? अट घालायचीच तर ही घाला.

काही मित्र म्हणतील, मग केंद्राचा हात नकोच, सगळे राज्याला आणि गावाला द्या. इथे आपण सावध राहिले पाहिजे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना काय सुनावले होते, ते आठवा. 'स्थानिक' म्हटले की ते आपले असते असे नाही. गावात स्थानिक म्हणजे बऱ्याचदा पाटलाचा वाडा. आणि राज्य तरी काय करते? २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा प्रस्ताव सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनेच आणला, आणि त्याच महिन्यात शाळा देणगीदारांना 'दत्तक' देण्याची योजना काढली. वाडी-तांड्यावरची शाळा गेली तर पहिली शाळा मुलीची सुटते.

म्हणून आपली भूमिका दोन्ही टोकांना धरून हवी. पैशाची हमी केंद्राने द्यावी, कारण हक्क गावाच्या मर्जीवर सोडता येत नाही. त्या पैशाला राजकीय अट नसावी. आणि त्याच्या हिशेबावर नजर वस्तीची असावी, राखीव जागांवर खरोखर निवडून आलेल्या पालकांची.

येत्या महिन्यात करायची कामे

जयंतीच्या वर्गणीसाठी आपण घरोघरी जातो. तेवढ्याच चिकाटीने ही पाच कामे करता येतील.

एक, आपल्या वस्तीतल्या शाळेच्या समितीची यादी मिळवा. ७५ टक्के पालक, निम्म्या महिला, आपल्या मुलांच्या प्रमाणात जागा, हे तीन आकडे तपासा. जुळत नसतील तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.

दोन, शाळा विकास आराखड्याची प्रत मागा. दिली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. मागच्या शाळेचीच नक्कल असेल तर समितीतल्या ताईंसोबत बसून नवा आराखडा लिहा. शिकलेल्या पोरांचा उपयोग इथे आहे.

तीन, वर्षभरात आलेले अनुदान, तारीख आणि खर्च शाळेच्या दर्शनी फळ्यावर लिहावा असा ठराव समितीत मांडा. ठराव वहीत नोंदला गेला का, ते सही करण्याआधी वाचा. कोरी वही घरी आली तर सही करू नका.

चार, सभा संध्याकाळी घेण्याचा ठराव करा. बुद्ध विहार शाळेजवळ असेल तर सभेआधी तिथे पालकांची तयारी बैठक घ्या.

पाच, मोठी मागणी पुढे रेटा. समग्र शिक्षेच्या निधीतला किमान १ टक्का समिती सदस्य पालकांचे प्रशिक्षण, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांसाठी राखून ठेवा. ४१,२५० कोटींचा १ टक्का म्हणजे ४१२ कोटींहून थोडे जास्त. एवढा पैसा जाहिरातींतून सहज निघेल.

"पालक उदासीन आहेत" असे पुढच्या वेळी कोणी म्हणाले, तर वाद घालत बसू नका. त्यांना फक्त विचारा, मागच्या वर्षी शाळेला किती अनुदान आले आणि ते कोणाला दाखवले? धारवाडच्या त्या मुलाने १८५६ मध्ये दार ठोठावले होते. आज दार उघडे आहे आणि कायदाही आपल्या बाजूचा आहे. आता आत जाऊन वही मागायची आहे.

जय भीम!